जुन्या खुर्चीचा जीर्णोद्धार

आपल्या घरांत माळ्यावर, जिन्याखालीं किंवा गच्चीच्या कोपऱ्यांत एखादी जुनी खुर्ची पडलेली असेल. तिची गादी बसलेली, एक पाय डुगडुगणारा आणि पॉलिश काळवंडलेलें. घरांतील तरुण मंडळी म्हणतात, 'देऊन टाका भंगारवाल्याला.' वडील मंडळी म्हणतात, 'राहूं द्या, लांकूड चांगलें आहे.' या ओढाताणींत ती बिचारी वर्षानुवर्षें धूळ खात असते. अशी खुर्ची घरच्या घरीं, स्वतःच्या हातांनीं, पुन्हां बसण्याजोगी कशी करावी हें आज मी आपणांस सांगणार आहें. मी सुतार नाहीं. जन्मभर मुलांना शिकविण्याचा धंदा केला आणि सेवानिवृत्त झाल्यावर हें काम शिकलों. शिकतांना एक मोठी चूक माझ्या हातून झाली. तिच्यापासूनच आरंभ करतों, कारण ती सुधारतां येण्याजोगी नव्हती.

आमच्या घरीं हात असलेल्या दोन सागवानी खुर्च्या आहेत. माझ्या वडिलांनीं त्या १९५८ सालीं जुन्या बाजारांतून जोडीनें आणल्या. एकीवर वडील बसत, दुसरीवर आई. वडील रोज संध्याकाळीं आपल्या खुर्चीवर बसून हिशेबाची वही लिहीत. त्यांचा उजवा हात जेथें टेकत असे तेथलें पॉलिश झिजून लांकूड अगदीं गुळगुळीत झालें होतें, आणि कडेला शाईचा एक डाग होता. वडील गेल्यानंतर कित्येक वर्षें ती खुर्ची तशीच होती. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यांत मीं ती गच्चीवर काढली, खरखरीत पॉलिशपेपर घेतला आणि दोन दिवस घांसघांस घांसली. लांकूड नव्यासारखें पिवळें निघालें. मग त्यावर बाजारांतील डब्यांतलें चकचकीत व्हार्निश दिलें. आई तेव्हां चौऱ्यायशीं वर्षांची होती. तिनें खुर्ची पाहिली, तिच्या उजव्या हातावरून बोटें फिरविलीं आणि म्हणाली, 'छान झाली रे. पण ही त्यांची नव्हे.'

'जीर्णोद्धार' हा शब्द आपण देवळांच्या बाबतींत वापरतों. जीर्ण झालेल्याचा उद्धार, असा त्याचा अर्थ आहे. जीर्ण झालेलें पुसून टाकून त्या जागीं नवें उभारणें, असा नव्हे. खुर्चीच्या बाबतींतही हाच अर्थ लक्षांत ठेवावा. जें मोडलें आहे तें दुरुस्त करावें. जें नुसतें जुनें आहे त्यास हात लावण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा. नवा थर केव्हांही चढवितां येतो, पण एकदां घांसून काढलेलें लांकूड परत लावतां येत नाहीं. आज मी जी जी कृति सांगणार आहें तिच्या मुळाशीं एवढा एकच नियम आहे.

दुसरी खुर्ची, म्हणजे आईची, मीं आमच्या पेठेंतील एका वृद्ध सुताराच्या देखरेखीखालीं दुरुस्त केली. पहिले दोन दिवस त्यांनीं मला एकही हत्यार हातांत घेऊं दिलें नाहीं. 'मास्तर, आधीं धडा वाचा,' एवढेंच म्हणत. खुर्ची वाचावयाची म्हणजे काय? ती उजेडांत उलटी ठेवावयाची आणि पाहावयाचें. कोणता पाय हलतो? सांधा सैल आहे कीं लांकूडच चिरलें आहे? खालीं पीठासारखा ताजा भुसा पडतो काय? पडत असेल तर आंत किडा जिवंत आहे असें समजावें आणि त्याचा बंदोबस्त झाल्यावांचून पुढें जाऊं नये. गादी कशानें ठोकली आहे? कापडाची घडी कोपऱ्यांत कोणत्या बाजूला घातली आहे? हल्लीं प्रत्येकाच्या खिशांतील फोनमध्यें कॅमेरा असतो. त्यानें प्रत्येक पायरीचें चित्र घ्यावें, आणि शिवाय एका वहींत काढलेल्या वस्तूंचा क्रम लिहावा. ज्या क्रमानें काढलें त्याच्या उलट क्रमानें परत लावावयाचें असतें. निम्मी विद्या या वहींतच आहे.

नवशिक्यानें कोणती खुर्ची निवडावी? माझा अनुभव असा कीं पहिली खुर्ची प्रेमाची नसावी. एखादें साधें स्टूल किंवा जुन्या बाजारांत मिळणारी बिनघराण्याची खुर्ची घ्यावी. मुंबईकरांना चोरबाजारांतील मटन स्ट्रीट ठाऊकच आहे. जिची बैठक सुटी निघते, म्हणजे चार पायांच्या चौकटींत जी नुसती बसविलेली असते, अशी खुर्ची शिकण्यास उत्तम. स्प्रिंगांचे कोच, कोरीव पाठी आणि पातळ शोभेचें लांकूड चिकटविलेलीं कपाटें यांच्या वाटेस पहिल्या वर्षीं जाऊं नये.

आईच्या खुर्चीची बैठक अशीच सुटी होती, पण ती इतकी घट्ट बसली होती कीं खालून हातोडीच्या दांड्यानें चारी कोपरे हळूहळू ठोकून ती काढावी लागली. बाहेर आली आणि पाय डुगडुगण्याचें कारणही सांपडलें. वेळोवेळीं कारागिरांनीं जुनें कापड न काढतां त्यावरच नवें ठोकलें होतें. एकावर एक अशीं तीन कापडें निघालीं. कापडाच्या प्रत्येक थरानें बैठक रुंद झाली, आणि ती चौकटींत दाबून बसवितांना चौकट बाहेर रेटली गेली. पांचरीनें लांकूड फुटतें तद्वत् सांधे उकलत गेले. दोष पायांचा नव्हता, गादीचा होता. म्हणून नवें कापड निवडतांना त्याची जाडी जुन्या कापडाएवढीच असावी, आणि ठोकण्यापूर्वीं तें बैठकीवर गुंडाळून चौकटींत बसवून पाहावें.

आतां गादीची रचना सांगतों. सर्वांत खालीं लांकडी चौकट. तिच्यावर ताणून बसविलेल्या नवारीच्या आडव्या-उभ्या पट्ट्या, पलंगाच्या नवारीप्रमाणेंच एकींतून एक ओंवलेल्या. त्यावर गोणपाट. गोणपाटावर काथ्याचा भरगच्च थर, त्यावर कापसाचा मऊ थर, मग एक साधें पांढरें कापड आणि शेवटीं शोभेचें कापड. वजन पेलते ती नवार, आकार देतो तो काथ्या आणि मऊपणा देतो तो कापूस. गादी 'बसली' असें आपण म्हणतों तेव्हां बहुधा कापूस दोषी नसतो, नवार सैल झालेली असते. वर कितीही कापूस भरला तरी तळच खालीं गेला असेल तर त्याचा उपयोग काय?

उकलतांना वरून खालीं यावें. चुका काढण्यासाठीं जुनें, बोथट डिसमिस चुकेच्या डोक्याखालीं लावून हातोडीनें हलके ठोके द्यावे. हे ठोके लांकडाच्या रेषांच्या दिशेनें द्यावे. आडवे दिल्यास चौकटीच्या ढलप्या निघतात. डोळ्यांवर चष्मा व तोंडावर फडकें अवश्य असावें, कारण कित्येक वर्षांची धूळ एकदम बाहेर पडते. जुनें कापड फाडूं नये. नवें कापड बेतण्यास तोच नमुना असतो. काथ्या चांगला असेल तर उन्हांत टाकून, हातांनीं मोकळा करून पुन्हां वापरावा. कापूस पिंजून घ्यावा. अलीकडे सर्वत्र वापरला जाणारा फोम सोयीचा आहे खरा, पण कांहीं वर्षांनीं त्याचा चुरा होतो व तो टाकूनच द्यावा लागतो.

भरतांना पहिली नवार मधोमध, मागून पुढें अशी घ्यावी. एक टोक दुमडून चार-पांच चुकांनीं पक्कें करावें, दुसरें टोक एका लांकडी ठोकळ्याला वेढून, तो ठोकळा चौकटीच्या कडेवर टेकवून पट्टी ताणावी आणि ताणलेली असतांनाच चुका ठोकाव्या. बोटानें टिचकी मारली असतां डग्ग्यासारखा आवाज आला म्हणजे ताण बरोबर झाला. वरचें कापड ठोकतांना नवशिके एका कोपऱ्यापासून आरंभ करतात आणि शेवटच्या कोपऱ्यांत कापडाला सुरकुत्या पडतात. खरी रीत अशी: प्रथम चारी बाजूंच्या मध्यावर एकेक चूक अर्धवट ठोकावी. पुढची व मागची आधीं, मग डावी-उजवी. नंतर प्रत्येक बाजूला मध्यापासून कोपऱ्यांकडे जावें. कोपऱ्याच्या घड्या सर्वांत शेवटीं घालाव्या. कापडावरील रेघ वांकडी दिसली तर अर्धवट ठोकलेली चूक काढतां येते; पूर्ण ठोकलेली सहसा येत नाहीं.

गादी तयार होण्याआधींच सांधे दुरुस्त करून घ्यावे. जुन्या खुर्च्यांत पायाचें टोंक दुसऱ्या लांकडाच्या भोकांत बसवून सरसानें चिकटविलेलें असतें. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून काढलेला डिंक. तो उष्णतेनें व ओलाव्यानें मऊ होतो. हा त्याचा दोष वाटतो, पण दुरुस्ती करणाऱ्याला तोच त्याचा मोठा गुण आहे: गरम पाण्यांत भिजविलेलें फडकें गुंडाळून सांधा लांकूड न मोडतां सोडवितां येतो. मग जुना सरस खरवडून पूर्ण काढावा, कारण त्यावर नवा पांढरा डिंक नीट धरत नाहीं. डिंक लावून सांधा बसविल्यावर पायांभोंवतीं दोरी गुंडाळून, तींत काठी घालून पीळ द्यावा. दोरीखालीं कापडाच्या घड्या ठेवाव्या. काठी अडकवून चोवीस तास खुर्चीस हात लावूं नये. डुगडुगणाऱ्या सांध्यांत खिळा ठोकण्याचा मोह मात्र टाळावा. खिळा लांकूड चिरतो आणि पुढच्या दुरुस्तीचा मार्ग बंद करतो.

आतां पॉलिश. माझी पहिली चूक येथेंच झाली होती, म्हणून थोडें सविस्तर सांगतों. जुन्या खुर्चीवर कसलें पॉलिश आहे हें आधीं ओळखावें. खुर्चीच्या आंतल्या, न दिसणाऱ्या भागावर स्पिरिटचा एक थेंब लावावा. अर्ध्या-एक मिनिटानें ती जागा चिकट झाली तर तें लाखेचें पॉलिश आहे. स्पिरिटानें कांहींच झालें नाहीं तर तो बहुधा अलीकडचा, कारखान्यांतला थर होय.

लाख ही एका सूक्ष्म कीटकाची देणगी आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोंवळ्या फांद्यांवर हे कीटक दाटीनें वस्ती करतात, रस शोषतात आणि स्वतःभोंवतीं राळेसारखें कवच तयार करतात. तें कवच खरवडून, धुवून, वितळवून, कापडांतून गाळतात आणि त्याचे पातळ पापुद्रे ओढतात. त्यांचे तुकडे म्हणजे बाजारांत मिळणारी चपडी. महाभारतांतील लाक्षागृह आपणां सर्वांस ठाऊक आहे. प्लॅस्टिकच्या तबकड्या येण्यापूर्वीं ग्रामोफोनच्या तबकड्याही चपडीच्या मिश्रणाच्या असत. या पदार्थाच्या अभ्यासासाठीं रांचीजवळ नामकुम येथें १९२४ सालीं एक संशोधनसंस्था निघाली, आणि ती बदललेल्या नांवानें आजही चालू आहे.

आपल्या कामाचा लाखेचा गुण हा कीं ती पाण्यांत विरघळत नाहीं, पण स्पिरिटांत विरघळते, आणि लांकडावर वाळून अनेक वर्षें लोटलीं तरी पुन्हां विरघळते. म्हणजे तिचा नवा थर जुन्या थरावर नुसता बसत नाहीं, त्यांत मिसळून एकजीव होतो. म्हणून लाखेचें पॉलिश असलेली खुर्ची घांसून काढण्याची बहुधा गरजच नसते. मीं वडिलांच्या खुर्चीवर दोन दिवस जे श्रम केले ते केवळ अज्ञानाचे होते. डब्यांतल्या त्या आधुनिक व्हार्निशचा थर मात्र वेगळा राहतो. तो एके ठिकाणीं उचलला तर ठिगळ लावतां येत नाहीं, सगळाच काढावा लागतो.

कृति अशी. प्रथम पिळून घेतलेल्या फडक्यानें धूळ-मळ पुसावा. मग टर्पेंटाईनच्या बोळ्यानें जुनें मेण व तेलकटपणा काढावा. बहुतेक खुर्च्यांचा काळेपणा येथेंच निम्मा जातो. शंभर मिलिलिटर स्पिरिटांत बारा ते पंधरा ग्रॅम चपडी घालून रात्रभर ठेवावी व मलमलींतून गाळावी. द्रावण गरजेपुरतेंच करावें; फार दिवस राहिलेलें द्रावण नीट वाळत नाहीं, चिकट राहतें. कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या कापडांत बांधून पुरचुंडी करावी, कापसावर थोडें द्रावण ओतावें, आणि पुरचुंडीच्या तोंडाला जवसाच्या तेलाचें बोट लावावें म्हणजे ती अडखळत नाहीं. लांकडाच्या रेषांबरोबर लांब, हलके हात द्यावे. पुरचुंडी टेकवितांना व उचलतांना चालतीच असावी. ती जेथें थांबली तेथें डाग पडलाच. एक जाड थर देण्यापेक्षां दहा पातळ थर द्यावे आणि दोन थरांमध्यें वाळण्यास वेळ द्यावा. जेथें पॉलिश झिजलें आहे तेथें दोन थर जास्त. जेथें शाबूत आहे तेथें एखादाच. शेवटीं थोडें मेण लावून लोकरी कापडानें पुसावें.

या कामाला कोरडी हवा लागते. आषाढांत घाई करून मीं आईच्या खुर्चीच्या पाठीवर एक थर दिला आणि तासाभरांत ती धुकें पडल्यासारखी पांढरी झाली. हवेंतील ओलावा थरांत अडकला होता. माझ्या पोटांत गोळा आला. सुतारकाका हंसले व म्हणाले, 'दसऱ्यानंतर बघूं.' दसऱ्यानंतर, एका कोरड्या सकाळीं, त्यांनीं पुरचुंडीला जेमतेम स्पिरिट लावून तो भाग हलकेच पुसला. पांढरेपणा गेला. वडिलांच्या खुर्चीवरची चूक आणि ही चूक यांतला फरक मला त्या सकाळीं स्पष्ट दिसला. चुका नवशिक्याच्या हातून व्हावयाच्याच; म्हणून त्यानें अशी रीत निवडावी कीं जींत झालेली चूक परत घेतां येईल.

धोक्याच्या तीन गोष्टी सांगणें माझें कर्तव्य आहे. पहिली, स्पिरिटची वाफ झटकन पेट घेते आणि श्वासासही वाईट असते. खिडक्या उघड्या ठेवाव्या, जवळ शेगडी, निरांजन वा उदबत्ती नसावी, आणि स्पिरिटची बाटली मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. दुसरी, जवसाच्या तेलाचीं फडकीं चुरगळून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तें तेल वाळतांना उष्णता निर्माण होते आणि असा बोळा आपोआप पेटूं शकतो. फडकीं बाहेर मोकळीं पसरून वाळवावीं किंवा पाण्यांत बुडवावीं. तिसरी, जुनी वस्तु तैलरंगानें रंगविलेली असेल तर ती कोरडी घांसूं नये. जुन्या रंगांत शिसें असण्याचा पुष्कळ संभव असतो, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असूं नये असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला; त्यापूर्वींच्या रंगाविषयीं सावध राहणेंच बरें.

आईच्या खुर्चीच्या डाव्या हातावर अडकित्त्याच्या तीन-चार खांचा आहेत. सुपारी कातरतां कातरतां कधीं तरी पडलेल्या. लांबी भरून त्या बुजवाव्या असें माझ्या मनांत आलें होतें. सुतारकाकांनीं विचारलें, 'त्यांतून लांकूड फुटतंय का?' मीं म्हटलें, 'नाहीं.' 'मग त्यांना काय झालंय?' खांचा राहिल्या. त्यांच्यावरून लाखेचा एक पातळ हात तेवढा फिरला.

आज त्या दोन खुर्च्या आमच्या बैठकीच्या खोलींत शेजारीं शेजारीं आहेत. येणारा पाहुणा बहुधा पहिलीच्याच चकाकीची स्तुति करतो, आणि मी तिच्याविषयीं कांहीं बोलत नाहीं. आई दुसरीवर बसते आणि बोलतां बोलतां तिचें बोट त्या खांचांत जाऊन थांबतें. आपल्या माळ्यावरची खुर्ची आपण खालीं काढाल तेव्हां पॉलिशपेपर हातांत घेण्यापूर्वीं तिच्यावरून एकदां हात फिरवा, आणि घरांतल्या वडील माणसांना विचारा, हिच्यावर कोण बसत असे. मग कामाला लागा.